वायूचें घनफळ आणि रेणूंची संख्या

ता. २१ एप्रिल २०२१ रोजीं आपल्या नाशिक शहरांत जें घडलें तें येथल्या कोणासहि नव्यानें सांगावें लागत नाहीं. महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांत द्रवरूप प्राणवायूच्या टाकीपाशीं गळती लागली, खाटांकडे जाणारा वायूचा पुरवठा सुमारें अर्धा तास विस्कळीत झाला, आणि ज्यांचा श्वास त्या वायूवरच चालला होता असे वीसांहून अधिक रुग्ण प्राणांस मुकले. टाकीभोंवतीं पांढरेशुभ्र ढग उसळत आहेत व त्यांत माणसें धांवाधांव करीत आहेत, हें त्या दिवसाचें चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें अजून तसेंच आहे.

पुढें शाळेचे वर्ग पुन्हां भरूं लागले, तेव्हां नववींतील एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, एवढी मोठी टाकी, आणि थोड्याशा मिनिटांत इतकीं माणसें कशीं गेलीं? एवढा वायु गेला कोठें?" मीं त्या वेळीं त्यास कांहीं तरी उत्तर दिलें, परंतु तें माझें मलाच अपुरें वाटलें. त्या मुलाच्या प्रश्नाच्या मुळाशीं दुसरा एक जुना प्रश्न दडलेला होता, तो असा कीं, वायु मोजावयाचा म्हणजे नेमकें काय मोजावयाचें? त्याचाच विचार येथें थोड्या विस्तारानें करावयाचा आहे. दोष कोणाचा व किती, हा ह्या लेखाचा विषय नव्हे.

दूध आपण लिटरनें घेतों, धान्य किलोनें घेतों, केळीं डझनानें घेतों. एक लिटर दूध सकाळीं घेतलें काय किंवा दुपारीं घेतलें काय, त्यांत पडणारा फरक लक्षांत घेण्याजोगा नसतो. वायूची गोष्ट तशी नाहीं. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचा दांडा आपण खालीं दाबतों, त्या क्षणीं पंपांतील हवेचें घनफळ निम्म्याहूनहि कमी होतें. पण हवा तेवढीच असते. उन्हांत ठेवलेला फुगा फुगतो. त्यांत नवी हवा कोणी घातलेली नसते. म्हणून कोणी "एक लिटर वायु" असें नुसतें म्हणूं लागला, तर त्याचें बोलणें अर्धवटच समजावें. कोणत्या दाबाखालीं? कोणत्या उष्णतामानांत? हे दोन प्रश्न त्यास विचारल्यावांचून त्या लिटराला अर्थ येत नाहीं.

परंतु ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें एकदां मिळालीं, म्हणजे हाच अस्थिर वायु असा कांहीं शिस्तीनें वागूं लागतो कीं पाणी, लोखंड किंवा मीठ ह्यांपैकीं कोणताहि पदार्थ त्याची बरोबरी करूं शकणार नाहीं. तो नियम असा : सारख्या उष्णतामानांत व सारख्या दाबाखालीं कोणत्याहि दोन वायूंचीं सारखीं घनफळें घेतलीं, तर त्यांतील रेणूंची संख्या सारखीच असते. ह्यांत "कोणत्याहि" हा शब्द मोलाचा आहे. हैड्रोजनाचा रेणु अत्यंत हलका. ऑक्सिजनाचा त्याच्या सोळापट जड. कार्बन डाय-ऑक्साइडाचा बावीसपट जड. तरीहि एकेका लिटरांत तिघांचीहि गणती एकच. एक लिटर मोहरी आणि एक लिटर बोरें घेतलीं, तर दाणे सारखे निघतील असें कोणी म्हणेल काय? मग वायूंतच असें कां व्हावें?

आपल्या शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टींत पन्नास मुलें धांवत आहेत अशी कल्पना करा. तीं पांचवीचीं लहानगीं असोत वा दहावीचीं थोराड असोत, मैदान पन्नासांचेंच असतें. कारण त्याचा बहुतेक भाग मोकळाच असतो, आणि मुलांचीं अंगें किती मोठीं आहेत ह्यानें त्यांत फारसा फरक पडत नाहीं. हींच मुलें सकाळच्या प्रार्थनेस खांद्याला खांदा लावून उभीं राहिलीं, म्हणजे मात्र थोराड मुलांची रांग लांब होते. पहिली स्थिति वायूची व दुसरी द्रवाची. मोहरी व बोरें हीं रांगेंत उभीं असलेलीं मुलें होत.

हें मोकळेपण किती असतें ह्याचा अंदाज प्राणवायूवरूनच करितां येतो. द्रवरूप प्राणवायूचा एक लिटर घेऊन तो उकळूं दिला, तर २० अंश उष्णतामानांत, समुद्रसपाटीवरील दाबाखालीं, त्याचा सुमारें ८६० लिटर वायु होतो. द्रवांत रेणु एकमेकांस जवळजवळ टेकलेले असतात. घनफळ ८६० पट झालें, म्हणजे लांबी, रुंदी व उंची ह्या तिन्ही दिशांनीं सुमारें साडेनऊ पट अंतर पडलें; कारण साडेनवाचा घन ८५७ येतो. म्हणजे वायूंतील दोन शेजारी रेणूंमध्यें त्यांच्या स्वतःच्या आकाराच्या नऊ-दहा पट अंतर असतें. एवढ्या मोकळ्या जागेंत रेणूचा स्वतःचा लहानमोठेपणा हिशेबांतून जवळजवळ गळूनच जातो.

राहतां राहिला दाबाचा प्रश्न. भांड्याच्या भिंतीवर वायु जो दाब घालतो, तो अगणित रेणूंच्या धडकांचा असतो. जड रेणूची धडक हलक्या रेणूहून मोठी असावयास हवी, असें कोणाच्याहि मनांत येईल. परंतु उष्णतामान सारखें असलें, म्हणजे जड रेणु मंद धांवतो व हलका वेगानें धांवतो, आणि दोघांच्या गतीची शक्ति सरासरीनें सारखीच राहते. २७ अंशांवर ऑक्सिजनाच्या रेणूचा वेग सेकंदास सुमारें ४८० मीटर असतो. हैड्रोजनाचा त्याच्या चौपट. वजन सोळापट कमी, वेग चौपट अधिक, आणि चाराचा वर्ग सोळा. असा हा हिशेब चोख जुळतो, आणि दाब हा रेणूंच्या जातीवर अवलंबून न राहतां केवळ त्यांच्या गर्दीवर अवलंबून राहतो.

हा नियम ज्यानें प्रथम मांडला तो इटलींतील व्हेर्चेल्ली ह्या गांवच्या विद्यालयांतला शिक्षक होता. अमेदेओ अव्होगाद्रो हें त्याचें नांव. शिक्षणानें तो कायद्याचा पदवीधर. पुढें गणित व पदार्थविज्ञान ह्यांच्या गोडीनें तो शिक्षकाच्या पेशांत शिरला, आणि १८११ सालीं त्यानें आपला निबंध फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध केला. तीन वर्षांपूर्वीं, म्हणजे १८०८ सालीं, गे-ल्युसाक ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें असें दाखविलें होतें कीं वायु एकमेकांशीं संयोग पावतात ते अगदीं सोप्या घनफळांच्या प्रमाणांत. दोन लिटर हैड्रोजन व एक लिटर ऑक्सिजन ह्यांच्या संयोगानें पाणी होतें. पावणेदोन लिटरांनीं नव्हे, सव्वादोन लिटरांनींहि नव्हे. आपल्या प्रयोगशाळेंत पाण्यांतून विजेचा प्रवाह सोडून हेंच उलट बाजूनें पाहतां येतें : एका नळींत जमणारा हैड्रोजन दुसऱ्या नळींतील ऑक्सिजनाच्या बरोबर दुप्पट भरतो. हा प्रयोग मीं किती वर्षें करून दाखवीत आलों आहें तें सांगवत नाहीं, पण त्या दोन नळ्यांतील पाण्याच्या रेषा दर वेळीं तशाच उतरूं लागल्या म्हणजे मला अजूनहि बरें वाटतें.

पण गोष्ट येथेंच संपत नाहीं. खरी अडचण येथूनच सुरू होते. हे दोन अधिक एक असे तीन लिटर वायु एकत्र होऊन जी वाफ होते ती, ऊन ठेवून त्याच दाबाखालीं मोजली, तर तीन लिटर भरत नाहीं. दोनच लिटर भरते. आतां एका लिटरांत रेणूंची संख्या सारखीच असते असें धरा. एक लिटर ऑक्सिजनांत जेवढे कण होते, त्याच्या दुप्पट कण दोन लिटर वाफेंत आहेत. आणि वाफेच्या प्रत्येक कणांत थोडा तरी ऑक्सिजन असलाच पाहिजे. म्हणजे ऑक्सिजनाच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे झाले. आणि अणु तर अविभाज्य! ह्याच ठिकाणीं इंग्लंडांतील डाल्टन अडून बसला. अणुवादाचा जनक तो. परंतु गे-ल्युसाकचीं मोजमापेंच त्यास संशयास्पद वाटलीं.

अव्होगाद्रोनें गांठ सोडविली ती एका साध्या सूचनेनें. ऑक्सिजनाचा जो कण मोकळा हिंडतो तो एकच अणु आहे, असें कशावरून? तो दोन अणूंची जोडी असेल, तर संयोगाच्या वेळीं जोडी फुटेल, अणु फुटणार नाहीं. मोकळ्या हिंडणाऱ्या कणास आपण रेणु म्हणतों व त्याच्या घटकास अणु म्हणतों, हा भेद ह्या सूचनेंतून स्पष्ट झाला. डाल्टनला ती पटली नाहीं. एकाच जातीचे दोन अणु एकमेकांस दूर लोटतात, ते जोडी कशी करतील, हा त्याचा आक्षेप होता. पुढें पन्नास वर्षें बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनीं ह्या निबंधाकडे लक्षच दिलें नाहीं. एका लहान गांवच्या शिक्षकाचें म्हणणें कोण ऐकतो, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. परंतु प्रत्यक्ष पुरावाहि त्या वेळीं अपुरा होता, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे.

अव्होगाद्रो १८५६ सालीं वारला. त्यानंतर चार वर्षांनीं, १८६० सालीं, जर्मनींतील कार्ल्सरूह येथें रसायनशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली. तेथें त्याचा देशबांधव कान्निझारो ह्यानें हाच नियम पायाशीं घेऊन अणूंचीं वजनें कशीं ठरवावींत तें मांडलें, आणि परिषद संपतांना त्याच्या छोट्या पुस्तिकेच्या प्रती वांटण्यांत आल्या. लोथर मायर नांवाच्या तरुण जर्मन पंडितानें ती पुस्तिका वाचली, आणि आपल्या डोळ्यांवरचीं खपलीं गळून पडल्यासारखें झालें असें त्यानें मागाहून लिहून ठेविलें. प्रेषितांच्या कृत्यांतील शौलाची गोष्ट ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही उपमा कोठून आली तें सांगावयास नको.

आतां संख्या. ऑक्सिजनाचे ३२ ग्रॅम, नैट्रोजनाचे २८ ग्रॅम, कार्बन डाय-ऑक्साइडाचे ४४ ग्रॅम असे प्रत्येक वायूचे त्याच्या रेणुभाराइतके ग्रॅम घेतले, तर त्यांतील रेणु सारखेच असतात. ह्या राशीस मोल म्हणतात. डझन म्हटलें कीं बारा, तसें मोल म्हटलें कीं ६०२ ह्या आंकड्यापुढें २१ शून्यें. २०१९ सालापासून ही संख्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें कायमची ठरवून टाकण्यांत आली आहे, आणि मोलाची व्याख्या आतां तिच्यावरूनच करितात. हिला अव्होगाद्रोचें नांव दिलें आहे. परंतु ती त्यानें कधीं मोजली नव्हती, व इतकी मोठी असेल हें त्यास माहीतहि नव्हतें.

एका मोलाचें घनफळ किती? येथें आमचे विद्यार्थी २२.४ लिटर हा आंकडा पाढ्यासारखा म्हणून दाखवितात. पाठांतराविषयीं तक्रार नाहीं. पण हा आंकडा शून्य अंश उष्णतामानाचा व समुद्रसपाटीवरील दाबाचा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच आहे, आणि आपल्या वर्गांत पाणी गोठेल इतकी थंडी कधीं पडत नाहीं. वर्गांत २७ अंश उष्णतामान आहे असें धरूं. निरपेक्ष मापनांत शून्य अंश म्हणजे २७३ व २७ अंश म्हणजे ३००. तेव्हां २२.४ ला ३०० नें गुणून २७३ नें भागलें म्हणजे २४.६ लिटर येतात. समुद्रसपाटीवर हवेचा दाब १०१३ मिलिबार असतो, तो ६०० मीटर उंचीवर ९४३ च्या आसपास उतरतो. दाब कमी, म्हणून घनफळ अधिक; २४.६ ला १०१३ नें गुणून ९४३ नें भागलें कीं २६.४. म्हणजे नाशिकचें मोल हें पुस्तकांतील मोलापेक्षां चार लिटरांनीं ऐसपैस आहे. रेणु मात्र तेवढेच.

ह्याचा अर्थ आपल्या श्वासापुरता काय होतो तें पाहूं. शांत बसलेला मनुष्य एका श्वासांत सुमारें अर्धा लिटर हवा आंत घेतो. नाशकांत, २७ अंशांवर, तीत ११४ वर २० शून्यें इतके रेणु असतात, आणि त्यांतील सुमारें एकपंचमांश प्राणवायूचे. तेवढ्याच उष्णतामानांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर घेतलेल्या श्वासांत शेंकडा सातांनीं अधिक रेणु येतात. उलट, इगतपुरीकडून कळसूबाईच्या शिखरावर, १६४६ मीटर उंचीवर, जाऊन श्वास घेतला, तर समुद्रकिनाऱ्याच्या मानानें तो शेंकडा सुमारें अठरांनीं उणा भरतो. छाती मात्र पूर्वींइतकीच फुगते. नाशिकची थंडी सर्वांस ठाऊक आहेच. पौषांतील एखाद्या सकाळीं ७ अंश उष्णतामान असतां बाहेरची जी अर्धा लिटर हवा नाकाशीं येते, तींत वैशाखांतील ४० अंशांच्या दुपारपेक्षां शेंकडा बारांनीं अधिक रेणु असतात. आपलें शरीर हे सगळे फरक मुकाट्यानें सांभाळून घेतें, म्हणून ते आपणांस जाणवत नाहींत. ज्याचीं फुप्फुसें आधींच थकलेलीं आहेत त्यास मात्र हीं टक्केवारी केवळ पुस्तकांतली राहत नाहीं.

ह्याच नियमाचा आणखी एक परिणाम घरोघरीं उपयोगी पडण्यासारखा आहे, म्हणून थोडें थांबून सांगतों. एकेका लिटरांत रेणु सारखे, तर मग वायु हलका कीं जड हें केवळ त्याच्या एका रेणूच्या वजनावरून ठरतें. हवेच्या मिश्रणाचें सरासरी वजन २९. स्वयंपाकाच्या गॅसांतील प्रोपेन ४४ व ब्यूटेन ५८. म्हणून गळलेला गॅस वर न जातां जमिनीलगत पसरतो, आणि त्यास घालविण्यास वरची खिडकी पुरत नाहीं, दारहि उघडावें लागतें. कार्बन डाय-ऑक्साइडहि ४४. आपल्या जिल्ह्यांत द्राक्षांपासून मद्य करण्याचे कारखाने पुष्कळ झाले आहेत. त्या धंद्याची स्तुति करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु तेथें काम करणारांत आपलींच माणसें आहेत. एक लिटर द्राक्षरसांत सुमारें २०० ग्रॅम साखर असते. ती पूर्णपणें आंबली म्हणजे तीतून सव्वादोन मोल, म्हणजे आपल्या हवामानांत जवळजवळ साठ लिटर, कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. दहा हजार लिटरच्या टांकीतून सहा लक्ष लिटर! हा वायु दिसत नाहीं व हवेहून जड असल्यामुळें रिकाम्या टांकीच्या तळाशीं सांचून राहतो. टांकी धुण्यास उतरणाऱ्या माणसानें आधीं आंतील हवा तपासून घेतली पाहिजे. जुन्या विहिरींत उतरतांनाहि हीच सावधगिरी हवी.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. आधीं त्या पांढऱ्या ढगांविषयीं : प्राणवायु वायुरूपांत डोळ्यांस दिसत नाहीं. द्रवरूप प्राणवायु शून्याखालीं १८३ अंशांवर उकळतो. तो उघड्यावर आला कीं भोंवतालच्या हवेंतील बाष्प एकदम थिजून त्याचें धुकें होतें. लोकांनीं पाहिलें तें हवेंतलें पाणी होतें. प्राणवायु त्याच्या आड अदृश्य राहून वाऱ्यावर जात होता.

समजा, एखाद्या रुग्णालयांत दहा हजार लिटर द्रवरूप प्राणवायु मावेल अशी टाकी आहे. एक लिटर द्रवाचें वजन १,१४१ ग्रॅम. त्यास ३२ नें भागलें म्हणजे सुमारें ३५.७ मोल. प्रत्येक मोलास नाशकांत २६.४ लिटर, म्हणजे एका लिटराचे जवळजवळ ९४० लिटर झाले. पुस्तकांत ८६० लिहिलेले असतात ते ह्यामुळेंच येथें पुरत नाहींत. टाकीभर द्रवाचे चौऱ्याण्णव लक्ष लिटर. शंभर रुग्णांस प्रत्येकीं मिनिटास दहा लिटर वायु लागत असेल, तर मिनिटास हजार लिटर व दिवसास चौदा लक्ष चाळीस हजार लिटर. टाकी सहा दिवसांहून अधिक पुरेल. विद्यार्थ्याच्या मनांत हाच हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता.

परंतु रुग्ण टाकींतून श्वास घेत नाहीं. तो खाटेजवळच्या नळांतून घेतो. टाकीपासून खाटांपर्यंत बसविलेल्या तांब्याच्या नळांची पोकळी सगळी मिळून तीनशें लिटर आहे असें धरा. त्यांत वायु हवेच्या पांचपट दाबानें कोंबलेला असतो, म्हणून बाहेरच्या मापानें तो सुमारें पंधराशें लिटर भरतो. टाकीकडून येणें बंद झालें, आणि शंभर रुग्णांचें मिनिटास हजार लिटर घेणें चालूच राहिलें. नळांचें घनफळ कमी होत नाहीं; तें धातूचें आहे. उष्णतामान तेंच आहे. कमी होते ती केवळ आंतील रेणूंची संख्या, आणि आपण वर पाहिलेंच कीं घनफळ व उष्णतामान तींच असलीं म्हणजे दाब हा त्या संख्येबरोबरच उतरतो. पहिल्या मिनिटाच्या अखेरीस नळांत एकतृतीयांश रेणु उरले, दाब एकतृतीयांश झाला. कृत्रिम श्वासाच्या यंत्रास ठराविक दाबाचा वायु मिळावा लागतो. त्याखालीं तें यंत्र आपलें काम नीट करूं शकत नाहीं. सहा दिवसांचा साठा अंगणांत आणि एका मिनिटाचा साठा नळांत, अशी ती स्थिति असते. अर्धा तास म्हणजे अशीं तीस मिनिटें.

शरीराजवळहि राखीव साठा फार थोडा असतो. विश्रांति घेणारा मनुष्य मिनिटास सुमारें पाव लिटर प्राणवायु खरोखर खर्च करितो. मग रुग्णास दहा लिटर कां द्यावे लागतात, असें तुम्ही विचाराल. त्याचें कारण, पुष्कळसा वायु श्वास सोडतांना फुकट जातो, आणि सुजलेल्या फुप्फुसांतून रक्तांत शिरण्यास रेणूंची मोठी गर्दी दाराशीं असावी लागते. दहांतील थोडेच आंत पोंचतात. पण दाराशीं गर्दी नसेल, तर तेवढेहि पोंचत नाहींत.

म्हणून टाकी कितीहि मोठी असली तरी नळांस दुसऱ्या बाजूनें भरलेल्या सिलिंडरांची रांग जोडून ठेवावी लागते, व नळांतील दाब ठरलेल्या मर्यादेखालीं जातांच ती चालू व्हावी अशी योजना करावी लागते. ज्यास जम्बो म्हणतात त्या मोठ्या सिलिंडराची पोकळी ४६.७ लिटरच; पण त्यांत वायु दीडशें पट दाबानें भरतात, म्हणून तो बाहेर सात हजार लिटर भरतो. (इतक्या दाबाखालीं रेणु एकमेकांच्या बरेच जवळ येतात व अव्होगाद्रोचा नियम काटेकोर राहत नाहीं, प्रत्यक्षांत थोडा अधिकच वायु मावतो. मैदानावर फारच मुलें झालीं, म्हणजे अंगाचा आकार जाणवूं लागतो तसें.) मिनिटास दहा लिटर घेणाऱ्या एका रुग्णास असें एक सिलिंडर अकरा तास चाळीस मिनिटें पुरतें. पण शंभर रुग्णांचा भार त्या एकावर पडला, तर सात मिनिटें.

नाशकांतील त्या घटनेनंतर तिसऱ्या दिवशीं, ता. २४ एप्रिल २०२१ रोजीं, विशाखापट्टणहून निघालेल्या ऑक्सिजन एक्सप्रेसमधील चार टँकर नाशिकरोडला उतरले. बाकीचे तीन आदल्या दिवशीं नागपूरला उतरले होते. अशा टँकरांचा हिशेब वृत्तपत्रांत लिटरांत येत नव्हता, टनांत येत होता. एका टँकरांत सुमारें पंधरा टन. व्यापारी व अधिकारी वजन कां धरतात हें आतां तुम्हांस सांगतां येईल. वजन म्हणजे रेणूंचीच गणती. ३२ ग्रॅम म्हटले कीं एक मोल. मग तो विशाखापट्टणच्या समुद्रकिनाऱ्यावर असो, घाटांत असो किंवा नाशिकरोडच्या फलाटाशेजारीं असो.

त्याच पंधरा टनांचे लिटर करून पाहा. सिलिंडर भरणारे कारखाने बहुधा १५ अंश उष्णतामान व समुद्रसपाटीचा दाब धरतात. त्या मापानें एका टँकरांतून एक कोटी अकरा लक्ष लिटर वायु निघतो. नाशकांत, २७ अंशांवर, तोच टँकर एक कोटी चोवीस लक्ष लिटर देतो. तेरा लक्ष लिटरांचा फरक पडला, आणि वाटेंत त्या टँकरांत एकहि रेणु कोणी घातलेला नाहीं.